ईझल घ्यायचाय? आधी टेप काढा आणि भिंत मोजा

नवीन नवीन पेंटिंग सुरू केलेली माणसं एक प्रश्न हमखास विचारतात, कुठला ईझल (कॅनव्हास टेकवून रंगवायचं स्टँड) घेऊ, आणि विचारेपर्यंत त्यांच्या फोनमध्ये चार-पाच फोटो सेव्ह झालेले असतात. एक उंच, गडद लाकडाचा, हँडल फिरवून वरखाली होणारा. एक पेटीवाला, चामड्याच्या पट्ट्याचा. एक ॲल्युमिनियमचं तिकाटणं, कारण ते स्वस्त. आता फोटो बघून ईझल घेणं म्हणजे फोटो बघून चप्पल घेण्यासारखं आहे, दिसायला झकास, पण आपल्या पायात बसेल का हे त्यात कुठे कळतं.

माझं म्हणणं अगदी सरळ आहे. ईझलमध्ये मुख्य गोष्टी दोनच. एक, कॅनव्हास ज्याच्यावर टेकतो ती खालची पट्टी किती खाली उतरते आणि किती वर जाते. दोन, तिथे ठेवलेला कॅनव्हास ब्रशच्या दाबाने हलतो का. बाकी लाकूड कुठलं, ड्रॉवर किती, चाकं आहेत का, पॉलिश कसलं, हे सगळं त्याच्या नंतर. गंमत म्हणजे जाहिरातीत बरोबर उलटं असतं, ड्रॉवर ठळक अक्षरात आणि पट्टीची कमीत कमी उंची कुठेच नाही.

तर आता क्रमाने बघू.

पहिलं काम, तुम्ही कशात काम करता ते बघा

हे आधी ठरवा, कारण काही जणांना उभा ईझल लागतच नाही. जलरंगवाले, हे तुमच्यासाठी. वॉटरकलरचा वॉश, म्हणजे पातळ रंगाचा सलग थर, देताना कागद आडवा किंवा जरासाच तिरका लागतो, साधारण १० ते १५ अंश. एवढ्या उतारावर ओल्या रंगाचा एक फुगलेला थेंब वॉशच्या खालच्या कडेला जमतो आणि प्रत्येक स्ट्रोकबरोबर आपण तो थेंब खाली खाली ओढत नेतो, म्हणून वॉश सपाट बसतो. कागद सरळ उभा केला तर तो थेंब तुमची वाट बघत नाही, सुसाट खाली पळतो आणि मागे ओघळाची रेघ सोडतो. त्यामुळे फक्त जलरंग करणार असाल तर उभ्या ईझलच्या नादी लागू नका. एक बोर्ड, त्याच्याखाली दोन जाड पुस्तकं, झालं काम. अगदीच ईझल हवा असेल तर पूर्ण आडवा होणारा घ्या, त्याला बरेच जण कन्व्हर्टिबल म्हणतात, आणि तो आडवा करून त्याच्या चारही कोपऱ्यांवर हात दाबून बघा, कारण आडवे होणारे पुष्कळसे ईझल मधल्या सांध्यात लटपटतात.

ऑइलवाल्यांना उभा कॅनव्हास लागतो. मागे कललेला कॅनव्हास वरून येणारा उजेड पकडतो आणि ओल्या तेलावर चमक येते, मग तुम्ही रंग बघताय का दिव्याचं प्रतिबिंब तेच समजत नाही. शिवाय ऑइल हळू सुकतं, तेवढ्या दिवसांत मागे कललेल्या चित्रावर धूळ आणि केस येऊन बसतात. म्हणून सरळ उभा, आणि जमलं तर वरची कड किंचित पुढे झुकलेली, हे उत्तम.

पेस्टल आणि कोळशाला तर पुढे झुकवता येणारा ईझल हवाच हवा. पेस्टल घासला की भुकटी सुटते, कागद मागे कललेला असेल तर ती खालच्या भागावर सांडत जाते आणि तिथलं केलेलं काम मळवते. पुढे झुकलेला असेल तर ती सरळ खाली, ट्रेमध्ये किंवा जमिनीवर. फुंकर मारून उडवायची सवय असेल तर ती सोडा, ती भुकटी नाकात जाते.

ॲक्रिलिकवाले कुठेही रमतात. ओतून काम करत असाल तर आडवं, ब्रशने करत असाल तर उभं. आणि ज्यांना कॅनव्हासच्या चारही बाजूंनी फिरायचंय त्यांना ईझलच नको, अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने १९४७ च्या सुमाराला कॅनव्हास थेट जमिनीवर पसरला तो त्यासाठीच.

दुसरं काम, भिंतीवर मोजमाप

हा भाग जरा सविस्तर लिहितो, कारण इथेच खरी निवड होते आणि इथेच सगळे कंटाळा करतात.

तुम्ही जो सगळ्यात मोठा कॅनव्हास खरोखर करता तो घ्या. खरोखर हं, "कधीतरी सहा फुटी करीन" तो नाही. त्या मापाचा कागद किंवा पुठ्ठा कापा आणि भिंतीसमोर उभे राहा, किंवा तुम्ही बसून काम करत असाल तर त्याच खुर्चीवर बसा. आता पुठ्ठा असा चिकटवा की त्याचा मध्य तुमच्या डोळ्यांसमोर येईल. हातात ब्रश धरून वरची कड रंगवल्यासारखं करा. खांदा वर ओढला जातोय का? मग खांदा मोकळा होईपर्यंत पुठ्ठा खाली सरकवा आणि खालच्या कडेशी पेन्सिलने खूण करा. मग उलट, खालची कड रंगवल्यासारखं करा, पाठ वाकतेय तोपर्यंत पुठ्ठा वर न्या, आणि पुन्हा खालच्या कडेशी खूण. या दोन खुणांची जमिनीपासूनची उंची मोजा. तुमच्या ईझलची पट्टी या दोन आकड्यांच्या मधे कुठेही थांबली पाहिजे, बस.

आकडे घालून बघू. समजा तुमचे डोळे जमिनीपासून ६० इंचावर आहेत आणि कॅनव्हास ३६ इंच उंच आहे. मध्य डोळ्यांसमोर हवा म्हणजे खालची कड ४२ इंचावर आणि वरची ७८ वर. खालच्या भागावर बारीक काम करायचं म्हणून आणखी ८ इंच वर नेलात तर वरची कड गेली ८६ इंचावर, म्हणजे सात फुटांच्याही वर, आणि त्याच्यावर अजून कॅनव्हासची वरची कड पकडणारा क्लॅम्प आणि दांडा आहेच. आता तोच माणूस खुर्चीत बसला की डोळे येतात साधारण ४६ इंचावर. मध्य समोर ठेवायला पट्टी २८ वर लागेल, आणि वरच्या कडेजवळ काम करायचं तर चौदा-पंधरा इंचांपर्यंत खाली यायला हवी. इथे बरेचसे ईझल अडकतात, कारण त्यांची पट्टी दीड फुटाच्या खाली उतरतच नाही, मधे पायांचा आडवा दांडा येतो. जाहिरातीत मात्र लिहिलेलं असतं की इतक्या इतक्या उंचीचा कॅनव्हास मावतो. मावतो हो, पण तुम्हाला त्याच्या वरच्या कडेपर्यंत पोचायला स्टूल लागेल त्याचं काय.

चित्राचा जो भाग रंगवायचाय तो आपल्यासमोर आला पाहिजे, आपण त्याच्याकडे चढायचं नाही, ही खटपट जुनीच आहे. फ्रेंच चित्रकार क्लोद मोनेने १८६६ मध्ये बागेतल्या बायकांचं एक चित्र बाहेर उघड्यावर सुरू केलं, कॅनव्हास अडीच मीटरपेक्षा उंच. वरच्या भागापर्यंत पोचायला शिडी घ्यायच्या ऐवजी त्याने जमिनीत चर खणला आणि कप्पीने कॅनव्हास त्यात खाली सोडायची सोय केली. तुम्हाला चर खणायची गरज नाही, फक्त पट्टी खाली येते का तेवढं विचारा.

आणि एक, छत मोजा. एच फ्रेमच्या, म्हणजे दोन उभ्या खांबांच्या, बऱ्याच ईझलमध्ये कॅनव्हास वर नेला की मधला दांडाही वर जातो. पूर्ण वर गेल्यावरची एकूण उंची विचारून घ्या आणि ती छताच्या उंचीतून वजा करा, आणि छताला पंखा किंवा लोंबता दिवा असेल तर त्याच्यापासून मोजा, छतापासून नाही.

तिसरं काम, प्रकार निवडणं

आता प्रकारांकडे येऊ. आकडे हातात असले की निम्मे प्रकार आपोआप बाद होतात.

ए फ्रेम म्हणजे पुढे दोन पाय, मागे एक. हलका, मिटून भिंतीला टेकवता येतो, छोट्या खोलीत बरा. तीन पाय असल्यामुळे जमीन उंचसखल असली तरी तो डुगडुगत नाही, तिन्ही पाय टेकतातच. पण पाया अरुंद, म्हणून उंच कॅनव्हास लावून बाजूने धक्का लागला तर आडवा होऊ शकतो. आणि तो कायम मागे कललेला असतो, साध्या ए फ्रेमला पुढे झुकवता येत नाही, तेव्हा पेस्टलवाल्यांनी विचार करून घ्या. अजून एक, मधे एकच दांडा असतो त्यामुळे आडवा लांब कॅनव्हास लावला की तो त्या दांड्याभोवती वळतो, डाव्या कोपऱ्यावर ब्रश दाबला की उजवा कोपरा पुढे येतो. दोन-अडीच फुटांपर्यंतच्या कामाला मात्र मी नवख्या माणसाला बिनधास्त हाच सुचवीन.

एच फ्रेम म्हणजे खाली चौकोनी बैठक आणि तिच्यावर दोन उभे खांब. जागा खातो, मिटला तरी फारसा लहान होत नाही, उचलून इकडे तिकडे करायचा विषय नाही. पण कॅनव्हासला आधार रुंद मिळतो, पुढे झुकवता येणारे पुष्कळ मिळतात, आणि एकदा चांगला घेतला की वर्षानुवर्षं बघायला लागत नाही. तीन फुटांच्या वर नेहमी काम करत असाल आणि खोली तुमची स्वतःची असेल तर डोळे झाकून एच फ्रेम. फक्त चार टेकू असतात म्हणून वाकड्या फरशीवर एक कोपरा अधांतरी राहतो, त्यासाठी खाली फिरवून उंची जुळवता येणारे पाय असलेला बघा.

हँडल फिरवून कॅनव्हास वरखाली करायचा, तो क्रँकवाला. दिसायला राजेशाही, वजनही तसंच. मोठे जड कॅनव्हास एकट्याने वरखाली करायचे असतील तर त्याच्यासारखं सुख नाही, कारण चालू कामात खाली बसून एका हाताने कॅनव्हास पेलायचा आणि दुसऱ्या हाताने नॉब सोडवायचा ही कसरत वाचते. दोन फुटी कॅनव्हाससाठी घेत असाल तर पैसे जास्त झालेत एवढंच त्यातून समजतं.

पेटीवाला, ज्याला फ्रेंच ईझल म्हणतात, तो बाहेर जाऊन चित्र काढणाऱ्यांसाठी. पेटीत रंग, वर झाकणाशी कॅनव्हास, खाली बाहेर निघणारे तीन पाय. स्टुडिओत दुसरा ईझल म्हणून ठीक, पण एकमेव म्हणून नको, प्रत्येक वेळी पायांचे स्क्रू आवळा, पेटी उघडा, पॅलेट काढा, नवीन माणूस आठवड्याभरात वैतागतो आणि मग तो कायमचा उघडाच राहतो, म्हणजे मिटायचा फायदाही गेला.

टेबलावरचा छोटा ईझल, बसून छोटं काम करणाऱ्यांना पुरतो. टेबल जड हवं एवढंच.

हलकं ॲल्युमिनियमचं तिकाटणं स्केचपुरतं ठीक आहे. त्याचे पाय एकात एक सरकणारे असतात आणि प्लास्टिकच्या चापावर उभे असतात, तासाभराने एक चाप हळूच घसरतो आणि क्षितिजरेषा तिरकी का दिसतेय याचा शोध तुम्ही चित्रात घेत बसता. लग्नाच्या हॉलमध्ये बोर्ड ठेवायला जे सडपातळ स्टँड वापरतात ते तर ईझल म्हणून विकले जात असले तरी ते फक्त दाखवण्यासाठी, त्यावर ब्रश टेकवू नका.

जागाच नसेल तर भिंतीवरचा ईझल विसरू नका, याच्याबद्दल कोणी फारसं बोलत नाही पण मला तो फार आवडतो. भिंतीत पक्का बसवलेला उभा दांडा, त्याच्यावर सरकणारी पट्टी आणि वर क्लॅम्प. जमिनीवर शून्य जागा, आणि भिंतीइतकं स्थिर दुसरं काय असणार. तोटा एवढाच की उजेडाप्रमाणे त्याला फिरवता येत नाही, तेव्हा भिंत निवडतानाच विचार करा.

ज्यांना पाठीचा, गुडघ्याचा त्रास आहे किंवा पडून राहावं लागतं त्यांनी बाजारातल्या मापात स्वतःला कोंबू नये. मेक्सिकन चित्रकार फ्रिडा काहलोला १९२५ च्या बस अपघातानंतर अंथरुणावर पडून राहावं लागलं तेव्हा तिच्या आईने पलंगावर वापरता येईल असा खास ईझल करून घेतला होता. चांगला सुतार आणि भिंतीवरचे ते दोन आकडे असले की तुमच्या मापाचा ईझल बनतो.

चौथं काम, हलवून बघणं

दुकानात गेलात तर लाजायचं नाही. तुमच्या मापाचा कॅनव्हास किंवा बोर्ड घेऊन जा, नसेल तर त्यांच्याकडचा मागा. पट्टी तुमच्या वरच्या खुणेवर न्या, क्लॅम्प लावा, सगळे नॉब आवळा. मग वरच्या कोपऱ्यावर अंगठा ठेवा आणि ब्रश जोरात घासल्यासारखा दाबा, सोडा, दाबा, सोडा. थोडं हलणं सगळेच हलतात, प्रश्न हा की सोडल्यावर लगेच थांबतं का थरथरत राहतं. थरथरत राहिलं तर कुठून हलतंय ते शोधा. पायापासून हलत असेल तर खाली वाळूची पिशवी ठेवून भागतं. मधल्या सांध्यातून हलत असेल तर त्याला इलाज नाही, पुढचा बघा.

मग नॉब बघा. हाताने आवळले जातात का पक्कड लागेल? एक नॉब अर्धवट ढिला करून पट्टी हळूहळू खाली येते का एकदम धाडकन कोसळते? जिथे दातेरी पट्टी आणि खटका असतो तिथे कॅनव्हास घसरत नाही पण उंची ठरावीक टप्प्यांवरच थांबते. जिथे फक्त नॉबच्या आवळण्यावर भिस्त असते तिथे उंची हवी तशी मिळते पण जड कॅनव्हास रात्रभरात इंचभर खाली आलेला असू शकतो. माझी पसंती खटक्याला. युरोपातल्या जुन्या ईझलना तर नुसती भोकं आणि खुंट्या असायच्या आणि त्यावर मोठमोठी कामं झालीत.

वरचा क्लॅम्प कॅनव्हासची किती कड झाकतो तेही बघा. जास्त झाकत असेल तर चित्राचा तेवढा भाग शेवटपर्यंत कोरा राहतो, आणि मग क्लॅम्प काढून तो रंगवताना कॅनव्हास नाचतो.

ऑनलाइन घेणार असाल तर हे काहीच करता येत नाही, मग निदान तीन आकडे विक्रेत्याला लिहून विचारा, पट्टीची कमीत कमी उंची, जास्तीत जास्त उंची, आणि ईझलचं वजन. वजन का, तर एकाच मापाच्या दोन एच फ्रेममध्ये जड असतो तो बहुतेक वेळा कमी हलतो, कारण लाकूड जाड असतं. लाकडाबद्दल एवढंच, बीचसारखं कठीण लाकूड पाइनपेक्षा चांगलं, पाइनमध्ये स्क्रूची भोकं लवकर सैल होतात. पण जाड पाइन बारीक बीचपेक्षा केव्हाही बरा.

पाचवं काम, खोलीत जागा ठरवणं

ईझलची जागा म्हणजे त्याच्या पायांची जागा नाही, तुम्ही मागे सरकता ती जागा पण त्यात धरायची. चित्र सारखं लांबून बघावं लागतं, सहा-आठ फूट मागे जाता आलं तर छान, नाहीच जमलं तर समोरच्या भिंतीवर आरसा लावा आणि वळून त्यात बघा, अंतर दुप्पट वाटतं आणि उलटं चित्र दिसल्यामुळे चुकाही लवकर सापडतात.

खिडकी पाठीमागे नको, स्वतःची सावली पडते. समोर नको, डोळे दिपतात. बाजूला हवी, उजव्या हाताने काम करणाऱ्यांना डावीकडून, डावखुऱ्यांना उजवीकडून, म्हणजे हाताची सावली ब्रशच्या टोकावर येत नाही. उत्तर गोलार्धात उत्तरेची खिडकी चित्रकारांना आवडते कारण तिथून जवळपास ऊन थेट आत येत नाही आणि उजेड दिवसभर फार बदलत नाही, दक्षिण गोलार्धात हेच दक्षिणेच्या खिडकीला लागू. रोज काम झाल्यावर ईझल बाजूला सारावा लागत असेल तर चाकं घ्या, पण चाकांना ब्रेक असूनही थोडा खेळ राहतोच, म्हणून रोज हलवायचा नसेल तर चाकं न लावलेलीच बरी.

घरी आल्यावर

जोडताना सगळे बोल्ट आधी हाताने नुसते अडकवा, ईझल सपाट जमिनीवर उभा करा, आणि मगच एकेक आवळत जा. पहिलाच बोल्ट पूर्ण आवळला तर चौकट वाकडी बसते आणि शेवटचं भोक जुळतच नाही. नवीन लाकूड हवेप्रमाणे थोडं आकसतं, फुगतं, म्हणून पहिल्या महिन्या-दोन महिन्यांनी सगळे बोल्ट पुन्हा एकदा आवळा, बरेचदा "ईझल डुगडुगायला लागला" ही तक्रार तिथेच संपते. पट्टी सरकते त्या खाचेत मेणबत्तीचं मेण घासा, तेल नको, तेलाला धूळ चिकटते. आणि नॉबच्या आट्यांवर ॲक्रिलिक सांडलं तर ओलं असतानाच पुसा, सुकलं की तो नॉब तुमचं ऐकणार नाही.

जुना ईझल कोणी देत असेल तर घ्या, जरूर घ्या. डाग आणि ओरखडे बघू नका, फक्त दांड्याला पीळ पडलाय का ते एका टोकाशी डोळा लावून बघा आणि आटे झिजलेत का ते प्रत्येक नॉब फिरवून बघा. आटे झिजले असतील तर नट-बोल्ट बदलता येतो. पीळ पडलेला दांडा मात्र कशानेच सरळ होत नाही, तो फुकट मिळाला तरी नको.